एकाच फळीचं दार

क्वाएसो, लाकडाची वखार
रविवार, १२ जानेवारी १९६९

प्रिय दुफी,

पत्राला उशीर झाला, कबूल. इथूनच कान पकडतो, भांडू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. उत्तरेचा कोरडा वारा सुटलाय आणि धूळ इतकी की भर दुपारी सूर्याकडे डोळे न मिटता बघता येतं. माझे ओठ फुटलेत, खोकला आहे, पण तो भुशाचा खोकला, वीस वर्षांचा सोबती. तुझी वहिनी सेरवा रीतीप्रमाणे तिच्या आईच्या घरी मजेत आहे, संध्याकाळी माझं जेवण न चुकता पाठवते. काल गोगलगाईंचं कालवण होतं. तुझी आठवण आली. तू केलं असतंस तर मीठ विसरली असतीस.

तुझं कसं चाललंय? उलट्या थांबल्या का? सातवा लागला ना? या वेळी जड काही उचलू नकोस. बोआदू मास्तरांना सांग, मोठा मेहुणा म्हणतोय, पाणी तुम्ही भरायचं. दिवसभर पोरांकडून पाढे म्हणवून घेणाऱ्या माणसाला चार बादल्या जड नाहीत.

आता खरी बातमी. दार पाठवलंय! लॉरीवाला शनिवारी कुमासीला पोचेल, दोन माणसं तयार ठेव, एकट्याला उचलायचं नाही ते. एकाच फळीचं आहे, दुफी. जोड नाही, सांधा नाही. पावणेतीन फूट रुंद, आणि एका फळीचं. सगळ्या कुमासीत फिरून ये आणि असं दुसरं दार मला दाखव. तुझी सासू म्हणाली होती ना, "भाऊ वखारीत मिस्त्री, आणि बहिणीच्या घराला गोणपाटाचा पडदा"? आता तिला म्हणावं, बोट फिरवून बघा, सांधा सापडला तर माझं नाव बदला. दोन बाळं पुरल्यावर ती तुला आणखी काय काय बोलली, तेही मी विसरलेलो नाही. मी विसरणाऱ्यातला नाही.

ओंडका ओडुमच्या झाडाचा. नदीपलीकडून आणला. आडवा पडलेला असताना माझ्या डोक्यावर वीतभर उंच. करवतीच्या गाड्यावर चढवायला अकरा माणसं, पहारी, साखळ्या आणि अर्धा दिवस लागला. एवढा ओंडका करवतीच्या एका चक्राला आवरत नाही. खालचं चक्र निम्म्यापर्यंत पोचतं, उरलेलं वरचं दुसरं चक्र कापतं, आणि दोघांची रेघ एक आली तरच फळी सरळ निघते. माझा फळ्या ओढणारा ताची म्हणाला, "मिस्त्री, हा ओंडका नाही, ही चावडी आहे. आत पंच बसलेले असतील." सगळे हसले.

कापला. नीट कापला. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

दाराबद्दल दोन गोष्टी. एक, गाभ्याची बाजू घराच्या आत येऊ दे आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला पाम तेलाचा बोळा फिरव. दुसरी, हसू नकोस. दारात कुणी 'आगो', येऊ का, अशी हाक दिली की तुझ्या तोंडून 'आमे', या, हेच आधी निघतं, आणि कोण आलंय ते तू मागून बघतेस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. काही दिवस आधी बघत जा. माणूस डोळ्यांना दिसला तरच 'आमे' म्हण, नाहीतर गप्प राहा. शहरात चोर फार झालेत असं ऐकतो. बाकी काही नाही.

मास्तरांना आणि (नाइलाज आहे म्हणून) सासूबाईंनाही नमस्कार.

तुझा थोरला भाऊ,
आंपोफो


क्वाएसो
रविवार, २ मार्च १९६९

प्रिय दुफी,

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. दार सगळ्या गल्लीने येऊन पाहिलं, सासूने बोट फिरवलं आणि तोंड वाकडं करून निघून गेली, हे वाचून फार बरं वाटलं. तेवढा भाग मी तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवला.

पुढचा भाग कुणाला वाचून दाखवला नाही.

दुफी, नवं लाकूड बोलतं. आतली ओल निघून जाताना ते तडतडतं, कण्हतं, कधी चांगलं ठोकल्यासारखंही वाजतं. तू वखारीत वाढलीस, तुला काय सांगायचं! बाईला दिवस गेले की कान हलके होतात हे सासूबाई म्हणतात तेही अगदीच खोटं नसेल. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही.

पण मला काही गोष्टी लिहून कळव. रोजच बाराला येतो का आवाज, सावली पायाखाली असते तेव्हा? दर वेळी तीनदाच? तू लिहितेस की 'आगो' दाराच्या बाहेरून नाही, दाराच्या लाकडातूनच येतं. हे नक्की? की बाहेरूनच येत असेल आणि फळी जाड म्हणून तसं वाटलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं. तू 'आमे' म्हणालीस ते एकदाच ना? पत्रात आधी 'एकदा' लिहून ते खोडलंस आणि 'दोन-तीनदा' केलंस. खरं काय ते लिही. तुला बजावून सांगितलं होतं, माणूस दिसल्याशिवाय म्हणू नकोस म्हणून! कधी ऐकशील तू माझं?

रागावलो. माफ कर. मी तुझ्यावर रागावलेलो नाही.

न्सिया आबा तुला आठवतात ना? ज्यांनी मला करवत शिकवली ते. आता ठार बहिरे झालेत, चाळीस वर्षं चक्रासमोर उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. ओंडका गाड्यावर चढला की कुऱ्हाडीच्या पाठीने तीनदा ठोकून कान लावायचा, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. ओडुमच्या पोटात कधीकधी दगड असतो. झाडच तो तयार करतं, पांढरा, खडूसारखा दिसणारा, पण चक्राचे दाते उडवून माणसाचा डोळा घेणारा. खणखणीत वाजलं तर काप, बद्द वाजलं तर सावध राहा. एवढं कुठलाही मिस्त्री करतो.

आबांनी मला आणखी एक शिकवलं, ते सगळे करत नाहीत. प्रत्येक ठोक्याबरोबर 'आगो' म्हणायचं, परक्याच्या घरात शिरण्याआधी म्हणतो तसं. कुणी उत्तर दिलं नाही तर घर रिकामं आहे, खुशाल काप. उत्तर आलं तर ओंडका गाड्यावरून खाली लोटायचा आणि वाळवी संपवेपर्यंत कोपऱ्यात पडू द्यायचा. मालक कितीही ओरडला तरी. तेवीस वर्षांत मी हे एकदाही चुकवलेलं नाही.

त्या दिवशीही चुकवलं नाही. ठोकलं, म्हटलं, कान लावला. काही ऐकू आलं नाही. ताचीने विचारलं, "काय म्हणतात पंच?" मी म्हटलं, "जेवायला गेलेत, चल, इंजिन चालू कर."

मग एक विचित्र गोष्ट झाली, ती मात्र खरी. चक्र रिकामं फिरतं तेव्हा शीळ घालतं आणि लाकडात शिरलं की किंचाळतं. नदीपलीकडे बायकांना धुणं धुताना ऐकू येतं. या ओंडक्यात शिरलं आणि गप्प झालं. इंजिन धापा टाकत होतं, पट्टा फडफडत होता, भुसा कमरेएवढा उडत होता, आणि दोन्ही चक्रं मुकी. सगळ्यांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघितलं. मी गाडा थांबवला नाही. पहिली साल काढली, ओंडका फिरवला, पुन्हा साल काढली. भर दुपारी अकरा माणसं काम करत होती आणि मला माझ्या श्वासाचा आवाज येत होता. गाभ्याची फळी सुटली तेव्हा ती धरायला ताची पुढे झाला, आणि हात लावताच त्याने तो झटकन मागे घेतला. म्हणाला, "मिस्त्री, ही गरम आहे." चक्रातून निघालेली फळी गरम असतेच. "तशी गरम नाही," म्हणाला. "कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी गरम आहे."

दुसऱ्या दिवसापासून ताची कामाला आला नाही. आता बाजारात रताळी विकतो, मला बघितलं की पाठ फिरवतो. बाकीच्या फळ्या बंदरावर गेल्या आणि तिथून बोटीने परदेशात. गाभ्याची एकच निघाली. ती तुझ्या घराला लागली आहे.

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. तंबाखू खाऊन आलो. आता पुढचं लिहितो, नाहीतर हे पत्र टाकण्यात अर्थ नाही.

काही ऐकू आलं नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. ऐकू आलं.

पहिल्या दोन ठोक्यांना काही नाही. तिसऱ्याला 'आगो' म्हटलं, कान टेकवला, आणि आतून 'आमे' आलं. बाईचा आवाज नव्हे, पुरुषाचाही नव्हे. आतल्या खोलीत हातातलं काम चालू ठेवून कुणी 'या, या' म्हणतं ना, तसा. रागाचा नाही, दुःखाचा नाही. अगदी घरगुती. दुफी, तो रागावलेला असता तर मी ओंडका लोटला असता, आईची शपथ. त्याने 'या' म्हटलं म्हणून माझ्या मनाने लगेच पळवाट काढली. म्हटलं, बोलावलंयच ना, मग जाऊ या आत. मला त्या लाकडात तुझं दार दिसत होतं. एवढी रुंद फळी पुन्हा माझ्या आयुष्यात येणार नव्हती, आणि तुझ्या सासूचं ते गोणपाटाचं बोलणं माझ्या घशात अडकलेलं होतं. मी एका जिवाच्या घरात करवत घातली ती तुझ्या सासूला गप्प करायला. असा मूर्ख भाऊ आहे तुझा.

आता त्याला घर नाही. तो तुझ्या दारात उभा राहून रीतीप्रमाणे विचारतोय, आणि तू त्याला 'आमे' म्हणालीस. दुसरं कुणी म्हटलं असतं तर मी एवढा घाबरलो नसतो. पण तुझ्या पोटात बाळ आहे.

हे पत्र मिळताच घर सोड. शाळेत, शेजारी, कुठेही जाऊन राहा. सासूला काय वाटेल ते वाटू दे. गुरुवारी जंगलात कुणी पाऊल टाकत नाही आणि वखार बंद असते, मी गुरुवारी येतो आणि दार काढून घेऊन जातो. तोवर त्या दाराशी बोलू नकोस. त्याने कितीही वेळा विचारलं तरी.

लेकरा, माफ कर मला.

आंपोफो


क्वाएसो
रविवार, १८ मे १९६९

प्रिय दुफी,

सुमिना! मास्तरांच्या पत्रात नाव वाचलं आणि मोठ्याने हसलो. उकिरडा! बरं केलंत. दोन गेल्यावर तिसऱ्याचं नाव असंच हवं, मरण आलं तरी नाक मुरडून परत जाईल. वजन चांगलं आहे म्हणतात, आवाज तर गल्लीच्या टोकापर्यंत जातो म्हणतात. जीव भांड्यात पडला माझा. तू उठून हिंडायला लागलीस हे वाचून त्याहून बरं वाटलं.

तू लिहितेस की शनिवारच्या लॉरीने बाळाला घेऊन येतेस, मामाला दाखवायला. लॉरीवाल्याशी बोलणंही झालंय. म्हणून हे पत्र मी टपालाने न टाकता त्याच्याच हाती देतोय आणि वाचून होईपर्यंत तिथून हलू नकोस असं त्याला बजावलंय. तेव्हा त्याला पाणी दे आणि सगळं वाच.

त्या गुरुवारी मी दार न्यायला आलो तेव्हा तू घर सोडलेलं नव्हतंस. रस्त्यात आडवी उभी राहून "माझं दार चोरतोस? या पोटावरून लॉरी घाल आणि मग ने!" असं म्हणालीस. तुझी सासू टाळ्या पिटत होती, "भावाने दिलेलं दार भाऊच पळवतोय, काय घराणं आहे!" मी सरळ बिजागऱ्या काढल्या, मास्तरांनी खाली मान घालून एक टोक धरलं, आणि गोणपाट पुन्हा लावून मी निघालो. तू मला शिव्या दिल्यास त्या मी आनंदाने ऐकल्या. शिव्या देणाऱ्या बाईत अजून जोर आहे असं मनात म्हटलं.

दार मी थेट न्सिया आबांच्या अंगणात नेलं. आबा कानाने ऐकत नाहीत, जबड्याने ऐकतात. फळीवर हनुवटी टेकवून बसले. बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "गाढवा."

मी पाटीवर खडूने लिहून विचारलं, आता काय करू?

"आता विचारतोस? ओंडका गाड्यावर होता तेव्हा मी मेलो होतो का?"

मी लिहिलं, बहिणीच्या घरातून दार काढून आणलंय.

"दार आणलंस. बोलावणं आणलंस का? 'आमे' तिने म्हटलंय, तिच्या घरात. तो लाकडाशी बांधलेला नाही, शब्दाशी बांधलेला आहे. आणि त्या घरात आणखी कोण यायचंय?"

मी लिहिलं, बाळ.

"हं. तोही आत येणार, हाही आत येणार, आणि दार एक. एक आत येईल, एक बाहेर राहील. आधीचा पाहुणा कोण, तूच सांग."

मी लिहून उपाय विचारला. आबा म्हणाले, "पाहुणा मान मिळेल तिथे बसतो. दुसऱ्या कुणीतरी त्याला स्वतःच्या घरातून 'आमे' म्हणायचं, बसायला स्टूल द्यायचं, पाणी द्यायचं, आणि काय खबर म्हणून विचारायचं. खरं पाहुण्यासारखं, नाटकासारखं नाही. पण एकदा बसला की ऊठ म्हणायचं नाही."

किती दिवस, मी लिहिलं.

"ते झाड जेवढी वर्षं उभं होतं, तेवढी वर्षं काढून बघ," म्हणाले आणि आत गेले.

आता माझी लाज सांगतो. मी ते केलं नाही. दार माझ्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि तीन आठवडे त्याच्याकडे पाठ करून झोपलो. स्वतःला सांगत राहिलो की दार इथे आलंय, आता काही व्हायचं नाही. मास्तरांनी लिहिलं की गोणपाटाच्या पडद्यातूनही हाक येते, तू जेवण सोडलंस. तरीही मी गप्प. मला भीती वाटत होती, दुफी. तुझ्यासाठी मी काहीही करीन असं मी दारू पिऊन कितीदा म्हटलंय, आणि वेळ आली तेव्हा एक शब्द तोंडातून निघेना.

मग २६ मार्चच्या बुधवारी सकाळी लॉरीवाला वखारीत येऊन सांगून गेला. दोन दिवस कळा चालल्या आहेत, बाळ येत नाही. दाई म्हणते, दारात अडलंय, ना पुढे ना मागे.

मी इंजिन बंद केलं. मालक मागून ओरडत राहिला. घरी जाऊन माझ्या खोलीचं जुनं दार उखडलं आणि तुझं दार तिथे बसवलं. घाईत दोन खिळे वाकले. स्टूल मांडलं. मडक्यातलं पाणी भोपळ्याच्या नव्या वाटीत ओतलं. दार लावून आत बसलो आणि बाराची वाट बघत राहिलो.

बरोबर बाराला हाक आली. मी पहिल्या हाकेला गप्प राहिलो. दुसऱ्या हाकेलाही. तिसऱ्या हाकेला मी 'आमे' म्हटलं. एवढ्या जोराने की रस्त्यावरच्या कोंबड्या उडाल्या.

दार उघडलं नाही. पण स्टुलाचा पाय जमिनीवर थोडा सरकला. मी पाणी पुढे केलं. मग आपण म्हणतो तसं म्हटलं, इकडे सगळं शांत आहे, तुम्ही काय खबर घेऊन आलात? त्यावर तो जे बोलला ते मी लिहिणार नाही. त्याच्या घराबद्दल होतं. मी रडलो एवढं सांगतो.

मास्तरांनी नंतर लिहिलं, बाळ साडेबाराला झालं. तू लिहिलंस, त्या दिवसापासून घरात एकदाही हाक आली नाही.

तर तो इथे आहे. वाईट वागत नाही. सकाळी वाटीतलं पाणी दोन बोटं उतरलेलं असतं आणि स्टुलावर मूठभर भुसा पडलेला असतो, ओला, ताज्या ओडुमच्या वासाचा. दाराचं लाकूड केव्हाच वाळलंय. मी भुसा झाडतो, पाणी बदलतो. सेरवा आता जेवण उंबऱ्यावर ठेवून वळते, आत येत नाही, आणि मीही ये म्हणत नाही. न्सिया आबा मागच्या आठवड्यात वारले. वखारीत मी अजून जातो, पण बाराच्या आत घरी परततो. पाहुण्याला एकटं ठेवायचं नसतं.

एवढंच असतं तर मी तुला ये म्हटलं असतं. माझ्या भाच्याला मांडीवर घ्यायला, रीतीप्रमाणे त्याच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवायला माझे हात किती शिवशिवतात, तुला कल्पना नाही. मी त्याच्यासाठी लहानसा बाक करून ठेवला होता, दुसऱ्या लाकडाचा. परवा जाळला.

कारण आता तो पाहुणा माझी खबर विचारतो. पाहुणा जुना झाला की विचारतोच. रोज दुपारी, त्याच घरगुती आवाजात. आणि माझ्या कामाबद्दल, माझ्या खोकल्याबद्दल कधीच विचारत नाही. विचारतो, "भाचा केव्हा यायचाय?" पहिल्या दिवशी मला वाटलं मी चुकून ऐकलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तुमच्यात मामाचं सगळं भाच्याला जातं ना?"

जातं, दुफी. माझी खोली, माझी जमीन, माझी हत्यारं, माझी जागा. मी मेलो की आपली थोरली माणसं कुमासीला येतील, सुमिनाला माझ्या स्टुलावर बसवायला. मग या घरात जे काही असेल त्याचा मालक सुमिना, आणि या पाहुण्याचा यजमानही तोच. मी फार तर वीस वर्षं जगेन. पाहुणा थांबू शकतो. त्याला थांबायची सवय आहे.

म्हणून शनिवारी येऊ नकोस. कधीच येऊ नकोस. बाळ आजारी पडलं तरी मला कळवू नकोस, शाळेत पहिला आला तरी कळवू नकोस. माझी पत्रं जाळ, हेही. थोरली माणसं आली तर मास्तरांना सांग, भांडा, कोर्टात जा, नातं तोडलंय म्हणा, काहीही करा, पण माझी काडीसुद्धा त्या पोराला लागू देऊ नका. तू मला बेइमान म्हणशील, सासू म्हणेल बघा मी म्हणत नव्हते. म्हणू दे.

काल बाराला त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मला भाचा नाही. माझ्या बहिणीचं बाळ जगलं नाही. तो म्हणाला, "वाईट झालं." त्याने विश्वास ठेवला की नाही ते मला सांगता येत नाही. पण मी रोज तेच सांगणार आहे, आणि तू तिकडे त्या पोराला रोज सांगत जा की त्याला मामा नाही, कधी नव्हता. दोन्हीकडून एकच बोललं गेलं म्हणजे ते टिकेल.

त्याला माझ्या वतीने एकदा पोटाशी धर, आणि कुणाच्या वतीने ते सांगू नकोस.

तुझा भाऊ, आणि कुणाचाच मामा नसलेला,
आंपोफो